शुगरच्या रिपोर्टमध्ये मेंदू कुठेच नसतो

डायबेटिस निघाला की काय काय तपासायचं ती यादी आता बहुतेक घरांत पाठ असते. डोळ्याचा पडदा बघून घ्या, लघवीत प्रोटीन जातंय का बघा, क्रिएटिनिन करा, पायाची बोटं बधिर होतायत का, ईसीजी काढून ठेवा. आमच्याकडे दोन पिढ्यांत शुगर आहे त्यामुळे ही यादी मी लहानपणापासून ऐकतोय. पण इतक्या वर्षांत "हल्ली विसरायला होतं का, हिशोबाला वेळ लागतो का" असं कुणी तपासताना विचारलेलं मला तरी आठवत नाही. यात एकट्या डॉक्टरचा दोष नाही म्हणा, दहा मिनिटांत तो बिचारा काय काय विचारणार. पण माझं स्वतःचं एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) "बॉर्डरवर" आल्यापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलोय, आणि जे कळलं ते एका जागी लिहून ठेवावं म्हणून ही लांबलचक पोस्ट. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, गोळ्या बदलायच्या असतील तर तुमच्या डॉक्टरला विचारा.

आधी मेंदूची भूक समजून घेऊ. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, पण आपण नुसतं बसून असताना जी ऊर्जा खर्च होते त्यातली साधारण २० टक्के तो एकटा खातो, म्हणजे दिवसाला अंदाजे १२० ग्रॅम ग्लुकोज. आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे साठा जवळपास नाहीच. लिव्हर आणि स्नायू ग्लायकोजेन करून साखर बाजूला ठेवतात, मेंदू मात्र रक्तातून जे येतंय त्याच्यावरच चालतो. म्हणूनच शुगर फार खाली गेली की आधी घाम, थरथर, मग डोकं चालेनासं होतं, बडबड, आणि कुणी लक्ष नाही दिलं तर बेशुद्धी. हे सगळं डोळ्यांसमोर घडतं त्यामुळे लोकांना कमी शुगरची भीती बरोबर वाटते. पण त्यातून एक उलटं गणित डोक्यात बसतं की मेंदूला साखर लागतेच ना, मग थोडी जास्त असली तर काय बिघडलं, उलट बरंच आहे. घोळ इथेच होतो.

स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींमध्ये साखर आत जायला इन्सुलिनची परवानगी लागते. इन्सुलिन आलं की ग्लुट-४ नावाचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. मेंदूचं तसं नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर ग्लुट-१ असतात, न्यूरॉनवर, म्हणजे मेंदूच्या मुख्य पेशींवर, ग्लुट-३, आणि हे दोघं इन्सुलिनची वाट बघत थांबत नाहीत. रक्तात साखर वाढली की मेंदूतही वाढते. दाराला आतून कडीच नाही असं समजा, बाहेर गर्दी झाली की ती आत येणारच. सगळ्यात वाईट अवस्था असते ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींची, कारण चोवीस तास त्या साखरेच्या रक्ताला चिकटून असतात आणि नको म्हणायची त्यांना सोयच नाही.

मग आत होतं काय? मायकेल ब्राउनली नावाच्या संशोधकाने २००१ मध्ये 'नेचर'मध्ये यावर एक लेख लिहिला होता, तो या क्षेत्रातले लोक अजून सांगतात. थोडक्यात असं की जादा ग्लुकोज आत आलं की पेशीतली ऊर्जेची भट्टी, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, ते जाळताना सुपरऑक्साइड नावाचे अपायकारक कण जास्त तयार करते, म्हणजे आपण ज्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो ते, आणि त्याच्यामुळे पुढचे तीनचार बिघाड एकदम सुरू होतात. साखरेचा काही भाग सॉर्बिटॉलच्या वाटेला जातो आणि त्यात पेशीची अँटीऑक्सिडंट ताकद खर्च होते. काही साखर प्रोटीनना चिकटते आणि त्यातून एजीई म्हणून ओळखले जाणारे पदार्थ बनतात, ते सहजासहजी निघत नाहीत, वाहिन्या कडक करतात आणि सूज पेटती ठेवतात. (साखर प्रोटीनला चिकटते हे काही पुस्तकी नाही हं, तुमचं एचबीएवनसी म्हणजे नेमकं तेच मोजमाप, हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय ते. आता जी हिमोग्लोबिनला चिकटतेय ती बाकीच्या प्रोटीनना सोडेल का?)

हे सगळं मोठ्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक केशवाहिन्यांना जास्त भोवतं. मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक लावल्या तर लांबी सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते असं सांगतात, आणि प्रत्येक न्यूरॉनच्या अगदी जवळून एक तरी गेलेली असते. या वाहिन्यांना बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी धरून असतात, त्या मरायला लागल्या की भिंत ढिली पडते, मेंदू आणि रक्त यांच्यातला जो पडदा आहे तो गळायला लागतो आणि जे मेंदूत जायला नको ते आत झिरपतं. शिवाय जिथे काम जास्त तिथे रक्त जास्त पाठवायचं हे जे कौशल्य या वाहिन्यांकडे असतं तेही मंदावतं.

आता मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेला भाग. पेरिसाइट मरणं हा डायबेटिसमधल्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराचा अगदी सुरुवातीचा बदल म्हणून कधीपासून माहिती आहे. आणि डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, हा गर्भात मेंदूच्याच ऊतीपासून तयार होतो. शरीरात बारीक रक्तवाहिन्या न कापता, नुसत्या बाहेरून थेट दिसतात अशी ही एकच सोयीची जागा. त्यामुळे डोळ्याचे डॉक्टर जेव्हा "रेटिनोपॅथी सुरू झालीय" म्हणतात तेव्हा आपण फक्त नजरेचा विचार करतो, पण तशाच वाहिन्या आत मेंदूतही आहेत, त्यांचं काय चाललं असेल? ज्यांना रेटिनोपॅथी आहे त्यांच्यात विचारशक्तीची घसरणही जास्त दिसते असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. माझं मत विचाराल तर पडद्याच्या रिपोर्टवर एक ओळ मेंदूबद्दलही असायला हवी.

बरं, हे नुकसान कळतं कसं? इथे एक गैरसमज आहे. आपण "मेंदूवर परिणाम" म्हटलं की लगेच विसरभोळेपणा, नातवाचं नाव न आठवणं वगैरे डोळ्यांसमोर आणतो. शुगरमुळे होणाऱ्या बिघाडाची सुरुवात बऱ्याचदा तशी नसते. आधी वेग जातो. तेच काम होतं पण वेळ लागतो, दोन गोष्टी एकदम सांभाळता येत नाहीत, बोलताना कुणी मध्येच तोडलं तर धागा हरवतो, फॉर्म भरायचा म्हटलं की कंटाळा येतो, बँकेचं काम उद्यावर ढकललं जातं. घरचे म्हणतात आळशी झालेत, वय झालं. कारण ज्या पांढऱ्या भागातून मेंदूच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या तारा जातात, त्याला रक्त पुरवतात त्याच बारीक वाहिन्या, आणि फटका तिथे बसतो. एमआरआय काढला तर व्हाइट मॅटरमध्ये पांढरे ठिपके दिसतात, कधी न कळता होऊन गेलेल्या छोट्या स्ट्रोकचे खड्डे दिसतात. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं वयानुसार झालेले बदल, आणि फाइल बंद. मोठ्या स्ट्रोकचा धोका डायबेटिसमध्ये वाढतो ते वेगळंच, ते तर सगळ्यांना माहितीच आहे.

हे झालं वर्षानुवर्षांचं. पण त्या क्षणी शुगर चढलेली असतानाही फरक पडतो. एडिनबरामध्ये २००४ च्या सुमाराला एक प्रयोग झाला होता, टाइप २ वाल्या लोकांची शुगर एकदा ८० च्या आसपास आणि एकदा ३०० च्या आसपास मुद्दाम धरून ठेवली आणि दोन्ही वेळा चाचण्या घेतल्या. चढलेल्या शुगरवर वेग कमी, कामापुरतं लक्षात ठेवणं कमी, लक्ष लागेना, आणि वर मूडही बिघडलेला, ताण जास्त, उत्साह कमी. घरात कुणाची शुगर तीनशेला गेल्यावर माणूस उगाच चिडचिड करतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. दिलासा एवढाच की हा परिणाम शुगर खाली आली की ओसरतो. सहाशेच्या वर जाऊन शरीरातलं पाणी आटलं तर मात्र प्रकरण वेगळं, वयस्कर लोकांमध्ये तेव्हा गोंधळ, झोपाळूपणा, थेट कोमापर्यंत जातं, तिथे थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आता आकडे. मला आकड्यांवर जरा जास्तच भरवसा ठेवायची खोड आहे पण या विषयात जपून वाचावे लागतात. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात आलं की डायबेटिस असलेल्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराचा, धोका जवळपास दुप्पट. हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मला हलवलं ते २०१३ च्या सिएटलच्या अभ्यासाने, न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेला. २०६७ वयस्कर लोक, सुरुवातीला कुणालाच डिमेन्शिया नाही, त्यांची शुगर वर्षानुवर्षं नोंदवलेली, साधारण सात वर्षं पाठपुरावा, आणि त्यात ५२४ जणांना डिमेन्शिया झाला. यात ज्यांना डायबेटिस नव्हता त्यांच्यातसुद्धा सरासरी शुगर ११५ असलेल्यांचा धोका १०० असलेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त. डायबेटिसवाल्यांत १९० आणि १६० ची तुलना केली तर ४० टक्क्यांनी जास्त.

आता १८ टक्के ऐकून घाबरू नका, हा सापेक्ष आकडा आहे, शंभरातल्या दहाजणांना होणार असेल तर साधारण बाराजणांना होईल एवढाच त्याचा अर्थ. आणि असल्या अभ्यासातून शुगरनेच केलं हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, वजन, बीपी, झोप, व्यायाम सगळं एकमेकांत अडकलेलं असतं, संशोधक ते गणिताने वेगळं काढायचा प्रयत्न करतात पण पूर्ण निघत नाही. तरीही मुद्दा उरतोच की १२६ च्या रेषेला निसर्गात काही किंमत नाही. उपाशीपोटी १२६ आणि एचबीएवनसी ६.५ ला डायबेटिस म्हणायचं, ५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस, हे आपण सोयीसाठी आखलंय, १२५ ला मेंदू सुरक्षित आणि १२७ ला धोक्यात असं काही होत नाही. ऑस्ट्रेलियात साठीतल्या लोकांवर एक अभ्यास झाला (२०१२), त्यात डायबेटिसवाले घेतलेच नव्हते, सगळे "नॉर्मल". तरी नॉर्मलच्या वरच्या टोकाला ज्यांची उपाशीपोटीची शुगर होती त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा तो भाग, चार वर्षांत जास्त आकसलेला निघाला. त्यामुळे "बॉर्डरवर आहे, काही नाही" हे वाक्य मी आता मनाशी म्हणत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा वयाचा आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा व्हाइटहॉल २ नावाचा अभ्यास १९८५ पासून चालू आहे, दहा हजारांवर माणसं. त्याचं २०२१ मध्ये जे आलं त्यात दिसलं की डायबेटिस जितका लवकर लागला तितका डिमेन्शियाचा धोका जास्त. वय ७० धरलं तर, ज्यांना दहा वर्षांहून आधी म्हणजे साठीच्या आतच डायबेटिस लागला होता त्यांचा धोका दुपटीच्या वर, आणि ज्यांना पासष्टीनंतर लागला त्यांच्यात फारसा फरकच नाही. म्हणजे एखाददुसरा चढलेला रिपोर्ट नाही, किती वर्षं मेंदू त्या रक्तात भिजत राहिला त्याला महत्त्व. आणि आपल्याकडे काळजी कुणाची करतात? सत्तरीच्या आजोबांची. चाळिशीतला मुलगा स्वतःचं एचबीएवनसी ६.३ घेऊन मजेत फिरत असतो आणि वडिलांच्या ताटावर लक्ष ठेवतो.

मध्येच एक गोष्ट, नेटवर सतत दिसते म्हणून. अल्झायमर म्हणजे "टाइप ३ डायबेटिस". हा शब्द २००५ च्या सुमाराला ब्राउन युनिव्हर्सिटीच्या सुझान डी ला मॉन्टे यांच्या गटाने वापरला, अल्झायमर झालेल्या मेंदूत इन्सुलिनचे सिग्नल बिघडलेले सापडले म्हणून. कल्पना अगदीच हवेतली नाही, इन्सुलिन मेंदूत साखर ढकलायचं काम फारसं करत नसलं तरी न्यूरॉनच्या जोडण्या, आठवण, भूक यांच्यात त्याचा हात असतो, आणि इन्सुलिन तोडणारं जे एन्झाइम आहे तेच अमायलॉइडही, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रोटीन, तोडतं त्यामुळे इन्सुलिन सतत चढलेलं असेल तर अमायलॉइड साफ व्हायला अडचण येत असेल असाही एक तर्क आहे. पण मृत्यूनंतर मेंदू तपासणारे अभ्यास बघितले तर डायबेटिसवाल्यांत मुख्यतः जास्त सापडतात ते छोटे स्ट्रोक, अल्झायमरच्या गाठी काही ठळकपणे जास्त नसतात. त्यामुळे मला ते टाइप ३ नाव आवडत नाही, रील बनवायला बरं आहे. वाहिन्यांचं नुकसान हीच बहुतेक मोठी गोष्ट आहे आणि तीच लोक बोलत नाहीत.

मग सरळ उपाय काय, शुगर दाबून खाली आणा? हे करून बघितलंय. अ‍ॅकॉर्ड नावाची मोठी ट्रायल झाली, टाइप २ वाले, सरासरी वय साठीच्या थोडं पुढे, एका गटाचं एचबीएवनसी ६ च्या खाली न्यायचा प्रयत्न, दुसऱ्याचं ७ ते ७.९ मध्ये. २०११ मध्ये त्यातल्या मेंदूवाल्या भागाचे निकाल आले, साधारण साडेतीन वर्षांनी कडक गटाचा मेंदू आकाराने किंचित बरा राहिला पण विचारशक्तीच्या चाचण्यांत फरक शून्य. आणि त्याआधीच, २००८ मध्ये, कडक गटात मृत्यू जास्त होतायत म्हणून ते कडक कंट्रोल थांबवावं लागलं होतं. वर २००९ चा अजून एक अभ्यास सांगतो की टाइप २ च्या वयस्कर पेशंटमध्ये ज्यांना शुगर खूप खाली जाऊन हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं त्यांना पुढे डिमेन्शिया जास्त. उलटंही खरं असू शकतं म्हणा, मेंदू आधीच थकलेला असल्याने गोळ्यांचा घोळ होऊन शुगर पडत असेल. पण काहीही असलं तरी सत्तरी ओलांडलेल्या, बाकीचे आजार असलेल्या माणसाला एचबीएवनसी ८ पर्यंत चालेल असं आता गाइडलाइनमध्येच असतं, त्यामुळे आजीचं ७.६ आलं म्हणून तिच्यावर ओरडू नका, कृपा करून.

२०२५ च्या शेवटी सेमाग्लुटाइडचेही निकाल आले, तेच ते वजनाचं आणि डायबेटिसचं गाजलेलं औषध, सुरुवातीच्या अल्झायमरवर गोळीच्या रूपात देऊन बघितलं, आजाराचा वेग काही कमी झाला नाही. मला यात आश्चर्य नाही वाटलं. नुकसान होऊन गेल्यावर शुगरचं औषध देऊन मेंदू परत कसा येणार. जे मिळवायचंय ते चाळिशी पन्नाशीत, आणि तिथे पुरावा खरंच चांगला आहे. अमेरिकेतली डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाची ट्रायल, २००२, तीन हजारांवर प्रीडायबेटिक लोक. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि ७ टक्के वजन कमी करायचं ध्येय, एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चालणं गोळीला हरवून गेलं. कारणही मस्त आहे, स्नायू आकुंचन पावले की ते ग्लुट-४ इन्सुलिनशिवायच वर येतात, म्हणजे इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही स्नायू साखर ओढतात. जेवणानंतरची पंधरा मिनिटं यासाठीच, मी आता फोनवर बोलायची कामं तेव्हाच उरकतो.

बीपीचं विसरू नका, त्याच बारीक वाहिन्यांवर तोही मारा करतो. स्प्रिंट माइंड ट्रायलमध्ये (२०१९) वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांत सौम्य स्मृतिदोषाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आलं, फक्त त्यात डायबेटिसवाले घेतले नव्हते त्यामुळे जसंच्या तसं लावता येत नाही. झोप, सिगरेट, हे सगळं तुम्हाला माहितीय, त्यावर लेक्चर देत नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम, कारण ती फुकटात सुधारण्यासारखी असते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की काहींचं बी१२ कमी होतं, आणि बी१२ कमी झालं की विसरायला होणं, थकवा, पायाला मुंग्या, म्हणजे हुबेहूब डायबेटिसने नसा आणि मेंदू बिघडल्यासारखं. बरीच वर्षं मेटफॉर्मिनवर असाल तर एकदा बी१२ बघून घ्या, साधी रक्ततपासणी आहे. थायरॉइड आणि डिप्रेशनही तपासा, डायबेटिसमध्ये डिप्रेशन जास्त असतं आणि ते विसरभोळेपणाचा वेष घेऊन येतं.

आणि ज्यांच्या घरात शुगरवाली वयस्कर माणसं आहेत त्यांच्यासाठी. डायबेटिस सांभाळणं हे मुळात डोक्याचं काम आहे, वेळा लक्षात ठेवायच्या, युनिट मोजायचे, खाल्लं किती त्याचा अंदाज घ्यायचा, मशीनवरचा आकडा बघून ठरवायचं. मेंदू हळू झाला की आधी हेच कोलमडतं, मग शुगर बिघडते, मग मेंदू अजून हळू होतो. त्यामुळे वर्षानुवर्षं छान कंट्रोल असलेल्या माणसाची शुगर अचानक एक दिवस ७० आणि दुसऱ्या दिवशी २८० यायला लागली तर औषध वाढवून मागायच्या आधी गोळ्यांचा डबा उघडा आणि गोळ्या मोजा. सकाळची गोळी दोनदा गेलीय आणि रात्रीची पाकिटात तशीच आहे असं निघालं तर डॉक्टरना शुगरबरोबर तेही सांगा, आणि गोळ्यांच्या वेळा कमी करता येतील का ते विचारा.